कटसायबाचा पोळा

आमच्या गावात एका वर्षी पोळा दोनदा झाला. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे. पंचांगाचा त्यात काही दोष नाही. दोष एका अमेरिकन म्हाताऱ्याचा, आणि त्याला आदल्या वर्षीची तारीख कळवणाऱ्या कुठल्याशा हापिसाचा. अमावास्या दरवर्षी एकाच तारखेला येत नाही, हे त्या हापिसाला कुणी सांगितलं नसावं. म्हातारा जीप, कॅमेरा आणि मराठीचा गंध नसलेला मुंबईचा एक कॅमेरावाला घेऊन गावात उतरला, तेव्हा पोळा होऊन आठवडा उलटला होता आणि बैलांच्या शिंगांचा रंग उडायला लागला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी औरंगाबादेला शिकून परत आलो होतो आणि गावच्याच शाळेत मास्तर होतो. आमचं गाव अमडापूरच्या बाजाराचं. मिठामिरचीपासून गोऱ्ह्यापर्यंत सगळं तिथूनच यायचं, फक्त अमेरिकन माणूस कधी आला नव्हता. गावात इंग्रजी बोलणारा मी एकटा, असं गावाचं म्हणणं. खरं तर मी इंग्रजी वाचलेलं होतं, बोललेलं नव्हतं. पण पाटलांनी मला शाळेतून बोलावलं, म्हाताऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, इचारा याले, काय पाह्यजे?"

त्याला पोळा पाहिजे होता. शेतीवर तो एक फिल्म काढत होता आणि तिच्या शेवटी त्याला सजवलेले बैल हवे होते. पोळा झाला, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "मग पुन्हा करू."

हे मी मराठीत सांगितलं आणि पारावर असा हशा उठला की चिंचेवरचे बगळे उडाले.

"पोळा का पुन्हा होते काय बे?" एक जण म्हणाला.

"बैलायले इचारा," दुसऱ्यानं तोड काढली. "त्याहीले पुरनाची पोळी पुन्हा भेटते, ते काऊन नाही म्हनतीन?"

पाटलांना फिल्ममध्ये यायचं होतं, हे पाटलांच्या मिशीवरूनच कळत होतं. शेवटी ठरलं की हा पोळा नव्हे, पोळ्याचा खेळ करायचा. फक्त बैलांना आवतण द्यायचं नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी त्या बैलाच्या मानेवर जू ठेवता येत नाही. पावसानं उघाड दिली होती, पिकात तण काढायचे डवरे चालले होते. खेळापायी कामाचा दिवस कोण घालवणार? सकाळी बैल डवऱ्याला जुंपायचे आणि दुपारनंतर सजवून आणायचे, असा तोडगा निघाला. पाहुण्याचंही मन राखलं गेलं आणि शेताचंही.

तयारीला दोन-चार दिवस गेले. त्या दिवसांत म्हातारा मला जीपमध्ये घालून शिवारभर हिंडला. उंच, पाठीत थोडा वाकलेला, सदरा कोपरावर फाटलेला. हा सिनेमा काढणारा आहे यावर गावाचा विश्वासच बसेना. सिनेमा काढणाऱ्याचा सदरा फाटका कसा असेल? त्याचं नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून शूटिंगच्या दिवसापासून तो कटसायेब झाला आणि तेच नाव राहिलं.

त्याची गोष्ट मला जीपमध्ये तुकड्यातुकड्यानं कळली. अर्धी खड्ड्यांत गेली, अर्धी माझ्या इंग्रजीत. त्याचा बाप कोरड्या मुलखात गुरं पाळायचा. हा तरुणपणी घर सोडून सिनेमाच्या शहरात पळाला. तिथे त्याला काय काम मिळालं? कॅमेऱ्यासमोरून गुरं हाकायचं आणि ती गेली की शेण उचलायचं. "ज्याच्यापासून पळालो, त्याचाच पगार घेतला," असं म्हणून तो खो खो हसला. तिथून चढत चढत दिग्दर्शक झाला. घोडे, बंदुका, धूळ, अशी बरीच चित्रं काढली आणि लोकांनी ती पाहिली. मग एक फार मोठं चित्र काढलं ते लोकांनी पाहिलं नाही, आणि त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. पुढे टेलिव्हिजन आलं. तिथे त्यानं दर आठवड्याला एक अशा गोष्टी काढल्या. नंतर तेही सुटलं. आता तो देशोदेशीच्या शेतांवर लहान लहान फिल्मा काढत फिरत होता, आणि मला वाटतं, बराच सुखी होता.

टेलिव्हिजन आमच्या जिल्ह्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी घरी सांगितलं की तिकडे रेडिओला डोळे फुटलेत, घरबसल्या सिनेमा दिसतो. माझा बा जेवता जेवता थांबला.

"दर आठोड्याले नवी गोष्ट?" त्यानं विचारलं. "मंग जुन्या गोष्टीतले लोक कुठी जातेत?"

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मी म्हाताऱ्याला सांगितला. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, "हा माणूस कोण? मला त्याला भेटायचंय."

बाबद्दल आता सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच्याशीच येऊन ठेपतं. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा बानं घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून दिले. मागे वळूनही पाहिलं नाही. पण पोळा सोडला नाही. वस्तीतल्या आम्ही शिकलेल्या पोरांनी त्याला घेरलं. मीच पुढे होतो. बा म्हणाला, "पोया देवाचा नाही, बैलाचा आहे. बैलानं काय बिघडवलं तुमचं?"

त्याच्याकडे तुकडाभर शेत आणि एक जोडी. एक बैल पांढरा, एक तांबडा. तांबड्याचं एक शिंग खाली वळलेलं होतं, त्यामुळे तो कायम काहीतरी ऐकतोय असं वाटायचं. पोळ्याला वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधत आणि खाली जोड्या रांगेनं उभ्या राहत. पहिली पाटलांची. पाटील तोरणाखाली आले की काठीनं ते तोडत, "पोळा फुटला!" असा गलका होई, आणि मग सगळे बैल घेऊन पळत सुटत. आमची जोडी सगळ्यांत शेवटी. आम्ही पोचेपर्यंत तोरण शेणात तुडवलेलं असायचं. बा कधी तक्रार करायचा नाही. पण दर पोळ्याला घरी आल्यावर मायला एकच वाक्य म्हणायचा, "एक डाव साबूत तोरनाखालून न्याची होती जोडी." माय म्हणायची, "नेसान कधी." आणि बैलांना पोळी भरवायला जायची. त्याला आयुष्यात गावाकडून एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं. मला त्याचा फार राग यायचा, गावाचाही आणि बाच्या सबुरीचाही.

शूटिंगच्या आदल्या सांजेला मी म्हाताऱ्याला घरी नेलं. बा गोठ्यात होता. हळद-लोण्याची वाटी घेऊन तो तांबड्याचा खांदा चोळत होता. गावानं ठरवलं होतं की आवतण द्यायचं नाही, आणि हा शहाणा देत होता. मी म्हणालो, "बा, काऊन? उद्या खेळच हाय ना?"

"खेळ तुमचा," बा म्हणाला. "त्याले सजवतीन, तोरनाखाली नेतीन, अन् जेवाले देनार नाही? मानसाशी लबाडी करता येते. त्याले काय सांगू मी?"

म्हाताऱ्यानं मला विचारलं की हा बैलांच्या कानाशी काय बोलतो. मी सांगितलं. त्यानं विचारलं, "आणि बोलावलं नाही तर?"

"मंग ते काऊन येतीन?" बा म्हणाला. "आपन जातो का बिनबोलावता?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. बाच्या हातातली वाटी घेतली आणि पांढऱ्याचा खांदा चोळायला लागला. त्याचा हात बैलाला नवा नव्हता, हे बैलानं लगेच ओळखलं आणि मान खाली घातली. चोळता चोळता तो मला म्हणाला की आयुष्यभर त्यानं कळपच्या कळप कॅमेऱ्यासमोरून हाकले, पण त्यांतल्या एकालाही कधी या म्हणून म्हटलं नाही. त्याच्या बापानंही म्हटलं नव्हतं. हे मी बाला सांगितलं. बानं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे, बैलाला म्हणतात त्याच शब्दांत, त्यालाही म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी त्याचं भाषांतर केलं नाही. करायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीजवळ जो गोंधळ झाला तो आठवला की अजून पोट दुखतं. कॅमेरा मांडला, उजेड पाडायला चंदेरी फळ्या उभ्या केल्या, तोरण बांधलं. म्हाताऱ्यानं हात खाली केला. पाटलांची जोडी निघाली. पाटलांनी तोरणाखाली येताच सवयीनं काठी मारली, "पोळा फुटला!" गलका झाला आणि अख्खी रांग कॅमेऱ्याच्या अंगावर आली. कॅमेरावाला कॅमेऱ्यासकट जीपवर चढला. म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता, "कट! कट! कट!"

तोरण पुन्हा बांधलं. पाटलांना समजावलं. पाटलांनी मान हलवली आणि तोरणाखाली येताच पुन्हा तोडलं. बाप-आज्यापासूनचा हात तो, कुणाच्या सांगण्यानं थांबणार? तिसऱ्या खेपेला पाटलांनी हात आवरला, तर त्यांचे बैल चंदेरी फळीला बुजले आणि थेट नाल्यात उतरले. गाव हसून हसून खाली बसलं. झाडावर चढलेली पोरं म्हाताऱ्याच्या आधीच "कट!" म्हणायला लागली.

म्हाताऱ्यानं रांगेकडे नजर टाकली. शेवटी आमची जोडी निवांत रवंथ करत उभी होती. तो सरळ तिच्याकडे गेला, तांबड्याच्या वाकड्या शिंगावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "ही पुढे घ्या. हे बुजत नाहीत. आणि यांना बोलावलंय."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. रांगेतलं हसू एकदम विझलं. पाटील नाल्याच्या काठावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की नुसता घाम, ते मला कळलं नाही.

पण बोलला तो बा. "नाही," म्हणाला. "सांग त्याहीले. खऱ्या पोयाले मांगं, अन् फोटोत पुढं? असा मान मले नाही पाह्यजे. मी जिथी उभा राह्यतो तिथीच उभा राहीन."

"बा," मी दबक्या आवाजात म्हणालो, "एक डाव तर..."

"तू मास्तर शाळेत," बा म्हणाला. तिथे विषय संपला.

मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो खाली दगडावर बसला. म्हणाला, त्याच्या सगळ्या चित्रांत पुढे कोण चालणार ते आधीच ठरलेलं असायचं आणि त्याला ते कधी बदलता आलं नाही. मग तोरणाकडे बघत तो उठला. म्हणाला, रांग आहे तशीच राहू दे. पाटील पहिले, हा शेवटी. फक्त तोरण कुणी तोडायचं नाही. सगळ्यांनी त्याच्या खालून जायचं आणि शेवटचा माणूस ते तोडेल. "चित्राचा शेवट शेवटी यायला हवा," म्हणाला. "तो मी कुणाला सुरुवातीलाच कसा तोडू देऊ?"

यात पाटलांची जागा जात नव्हती, म्हणून पाटलांना हरकत घेता येईना. पण त्यांच्या हाताची सवय मोडायला किती खेपा लागल्या! तोरणाखाली आले की काठी उठायची, पोरं ओरडायची, "कट!" आणि पाटील जोडी घेऊन माघारी फिरायचे. शेवटी ते काठी पाठीमागे दोन्ही हातांत धरून गेले, आणि रांग त्यांच्या मागून सरळ निघाली. एक एक जोडी हिरव्यागार तोरणाखालून गेली. सगळ्यांत शेवटी बा आला. कॅमेऱ्याची घरघर चालू होती. म्हाताऱ्यानं हात वर केला, तोड, अशी खूण केली.

बानं वर पाहिलं. मग मान खाली घातली, बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि तोरणाला बोटही न लावता खालून निघून गेला. रस्ता रिकामा झाला आणि तोरण वाऱ्यावर हलत राहिलं. मला वाटलं, आता हा म्हातारा भडकणार. तो कॅमेऱ्यामागे उभा होता. किती तरी वेळानं, अगदी हळू, म्हणाला, "कट." पुन्हा करू, असं मात्र म्हणाला नाही.

संध्याकाळी तो जेवायला आला. बैलांना पुरणपोळी भरवून झाल्यावर गोठ्याच्या दारातच बसला आणि बोटं चाटत जेवला. त्यानं मला विचारायला लावलं की का नाही तोडलं. बा म्हणाला, "खऱ्याले हात लावू देत नाहीत, अन् खोट्याले तोड म्हनतेत. खऱ्याले पाहू." हे ऐकून म्हातारा म्हणाला, "खरं करणं मला येत नाही. माझा धंदाच खोट्याचा." बानं त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. माझ्यापेक्षा त्या दोघांचं एकमेकांशी जास्त जमलं होतं आणि मला त्याचा थोडा हेवाच वाटला. सकाळी तो गेला. जीपच्या मागे पोरं "कट! कट!" ओरडत वेशीपर्यंत धावली. तो आम्हाला पुन्हा कधी दिसला नाही.

फिल्म मात्र आली. हिवाळ्यात अमडापूरच्या बाजारात सरकारी प्रचाराची गाडी आली, पडदा लावला आणि आमचं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. खतं झाली, विहिरी झाल्या, आणि शेवटी आमचा पोळा. पाटील सर्वांत पुढे, काठी पाठीमागे धरून, मिशी वर. गावानं आरोळी ठोकली. मग रांग, मग बा, वर पाहतो, मान खाली घालतो. मग नुसतं तोरण. ते हलत राहिलं, हलत राहिलं आणि फिल्म संपली. परतीच्या वाटेवर पाटलांनी त्यांची गाडी आमच्या गाडीजवळ घेतली.

"मास्तर, तुह्या बापानं काऊन नाही तोडलं?"

बा पुढे बैल हाकत होता, त्याला ऐकू जात होतं. मी त्याचंच उत्तर जसंच्या तसं सांगितलं. खऱ्याले हात लावू देत नाहीत. गाव येईपर्यंत त्यांची गाडी आमच्या बरोबरीनं चालत राहिली.

मग खरा पोळा आला. आवतण दिलेलं, जू उतरवलेलं, माय पुरण शिजवून मोकळी झालेली. वेशीजवळ तोरण बांधलं. पाटलांची जोडी पहिली, आमची शेवटी, जशी असायची तशी. पाटील तोरणाखाली आले. काठी उठली. झाडावरून कुणीतरी पोरगं ओरडलं, "कट!" आणि सगळे हसले. पाटलांची काठी तिथेच थांबली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि तोरण न तोडता पुढे निघून गेले.

"पाटील, तोरन राह्यलं ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"काय करू बे?" पाटील वळून म्हणाले. "त्या कटसायबानं मले इतक्या खेपा माघारी फिरवलं, का आता हातच उठून नाही राह्यला."

पुन्हा हशा झाला. पिढ्यांची सवय एका दुपारीत जात नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण गावात चांगलं काम करायला माणसाला एखादं हसरं निमित्त लागतं, आणि ते निमित्त आम्हाला समुद्रापलीकडून एक म्हातारा देऊन गेला होता. त्या दिवशी मी पाटलांना मनातल्या मनात पुष्कळ काही माफ केलं.

जोड्या जात राहिल्या. काही जणांनी तोंडं वाकडी केली, पण पाटलांनीच हात लावला नाही तिथे दुसरा कोण लावणार? शेवटी बा आला. तोरणाखाली थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गेल्या वर्षी कॅमेरा होता त्या जागेकडे पाहिलं. तिथे आता एक शेळी बांधलेली होती.

"कोनी पाहून तर नाही राह्यलं ना?" त्यानं मला विचारलं.

"कोनी नाही बा," मी म्हणालो. "गावच हाय."

पलीकडून पाटील ओरडले, "तोड ना गा आता! बैलं भुकेजले!"

बानं कासरा डाव्या हातात घेतला, उजवा हात वर केला आणि तोरण ओढलं. पानं त्याच्या पागोट्यावर, बैलांच्या पाठीवर, तांबड्याच्या वाकड्या शिंगावर पडली. "पोया फुटला!" तो ओरडला. तेव्हा मला कळलं की मी माझ्या बापाला तोवर कधी ओरडताना ऐकलंच नव्हतं.

झाडावरची पोरं टाळ्या पिटत ओरडायला लागली, "कट! कट! पुन्हा एकदा!"

बानं मुठीतली आंब्याची पानं घट्ट धरली आणि वर पाहून हसला.

"आता पुन्हा नाही रे बाबूहो," तो म्हणाला. "हे खरं होतं."